बिबटे अकोल्याचे, नाव बंगळूरचे

अकोले तालुक्यातल्या उसात बिबटे राहतात, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी वेगळे सांगायला नको. जगाला मात्र ते पटवून दिले विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी. २०१३ साली ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत त्यांनी दाखवले, की रानही नाही आणि हरणेही नाहीत अशा दाट वस्तीच्या या शिवारात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास प्रौढ बिबटे नांदतात. पुढच्या अभ्यासात असेही निघाले, की त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा असतो. माणूस आणि हिंस्र प्राणी यांच्या सहजीवनाची चर्चा निघाली की या कामाचा दाखला दिला जातो. त्या लेखाखाली बंगळूरच्या आणि नॉर्वेच्या संस्थांची नावे आहेत. नगर जिल्ह्यातले एकही विद्यापीठ त्यात नाही.

जिल्ह्यात विद्यापीठे नाहीत असे नाही. लोणीचे प्रवरा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस २००३ पासून अभिमत विद्यापीठ आहे. कोपरगावच्या संजीवनी संस्थेचेही आता खासगी विद्यापीठ झाले आहे. अशा विद्यापीठांनी विद्वत्तेच्या जगात नाव कसे कमवावे?

प्रचलित वाटा सर्वांना ठाऊक आहेत. प्रवेशाच्या दिवसांत नगर-मनमाड रस्त्यावर फलक लावायचे, उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी मिळवायची, शोधनिबंधांचा आकडा फुगवायचा. यातल्या श्रेणीची पत केव्हाच घसरली आहे. गैरप्रकारांकडे बोट दाखवत भूषण पटवर्धन यांनी मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या प्राध्यापकांनाच अटक केली. आकड्यांचे दुकानही असेच. याच पटवर्धन यांच्यासह पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ साली यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली एक हजार नऊ नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्के निकषांवर उतरली नाहीत. पैसे भरून छापलेल्या निबंधाने पदोन्नती मिळते, पण तो दुसरा अभ्यासक वाचत नाही.

नाव होते ते वेगळ्या रीतीने, आणि त्याची साक्ष याच जिल्ह्यात आहे. संगमनेरजवळचे जोर्वे हे प्रवराकाठचे गाव. हसमुख सांकळिया आणि शांताराम देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातल्या एका संस्कृतीला या खेड्याचे नाव मिळाले. मग नेवासे झाले, इनामगाव झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांच्या पिढ्यांनी तोच धागा दशकानुदशके धरून ठेवला आणि अहवाल छापले. भारतीय पुरातत्त्वात त्या संस्थेचा जो दबदबा आहे, तो या चिकाटीचा आहे. तिथे फलक कुणी लावले होते?

जामखेडची गोष्ट तर याहून बोलकी. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तिथे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. जन्ममृत्यूच्या, बालकांच्या वजनाच्या नोंदी गावागावात ठेवल्या आणि अनुभव लिहून जगापुढे मांडला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले, त्यानंतर तीनच वर्षांनी अल्मा-आटाची प्राथमिक आरोग्य परिषद भरली, आणि १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आला. आजही परदेशातले विद्यार्थी या दुष्काळी तालुक्यात शिकायला येतात. पदवीच्या कागदासाठी नव्हे, हे विशेष.

प्रवरेच्या खोऱ्यात विद्या आणि व्यवहार यांची गाठ जुनीच आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हेच विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. आजचे प्रश्नही दाराशीच आहेत. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांनी ऊस आणला आणि क्षारपड जमिनीही. पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबांचे आरोग्य, शेतमजुरांचे सर्पदंश, कीटकनाशकांची विषबाधा यांवर वीस-वीस वर्षे सलग नोंदी ठेवायला लोणीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. त्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवल्या, फसलेले प्रयोगही छापले, तर बाहेरचे अभ्यासक आपण होऊन येतील.

अडचण पैशांपेक्षा सवयीची आहे. तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही याच्या घोरात असतो. तो वीस वर्षांचा प्रश्न हाती कशाला घेईल? आणि निवड समितीचा कौल संस्थाचालकांच्या बैठकीच्या खोलीत आधीच ठरत असेल, तर हुशार माणूस अर्जच करत नाही. सहकारातून उभ्या राहिलेल्या घराण्यांना हे ऐकायला आवडणार नाही, पण खरी मेख इथेच आहे.

तेव्हा या विद्यापीठांनी एक करून पाहावे. एका वर्षाचा जाहिरातींचा खर्च बाजूला काढून काही तरुण संशोधक किमान पाच वर्षांसाठी पूर्ण पगारावर नेमावेत, आणि त्यांची निवड संस्थेशी काडीचा संबंध नसलेल्या तज्ज्ञांवर सोपवावी.