न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

“फादर, घेणाऱ्याने विचारलेच नाही, तर आपण होऊन कशाला सांगायचे?” जुनी स्कूटर असो वा राहते घर, विक्रीचा विषय निघाला की हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंपुढे हटकून येतो. त्याचा विचार करण्यासाठी आम्ही वाचकांना थोडे दूर, अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाजारात नेऊ इच्छितो.

शेवरोले कंपनीने १९५३ साली ‘कॉर्व्हेट’ ही दोन आसनांची वेगवान मोटार काढली. १९६३ साली तिचे ‘स्टिंग रे’ हे नवे रूप आले. त्यातील बंद छताच्या गाडीची मागची काच मधोमध एका पट्टीने दुभंगलेली होती. पट्टीमुळे चालकाला मागचे नीट दिसेना, म्हणून पुढच्याच वर्षी कंपनीने ती काढून टाकली. ते पाहून १९६३ च्या गाडीच्या काही मालकांनीही पट्टी कापून एकसंध काच बसवून घेतली. त्यांच्या दृष्टीने ती सुधारणाच होती. आज मात्र तीच दुभंगलेली काच त्या गाडीचे भूषण मानली जाते आणि पट्टी कापलेली गाडी संग्राहकांना उणी वाटते.

याच गाडीचे मूळचे ड्रम ब्रेक काढून कोणी डिस्क ब्रेक बसवले, तर रोज गाडी चालवणारा संतोष मानील. संग्राहक नाक मुरडील. तात्पर्य, फेरबदल हा मुळात गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. तो काय आहे, हे घेणाऱ्याच्या हेतूवर ठरते. म्हणूनच ‘यात सांगण्यासारखे काय आहे?’ हे विकणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. तो निवाडा करण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे. आपण मौन पाळले की तो हक्कच आपण हिरावून घेतो.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात नेमका हा प्रश्न घेतला आहे. मोटारीऐवजी त्यांच्यापुढे घोडा होता. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते सर्वांना दिसतेच. विकणाऱ्याने किंमत योग्य तेवढी उतरवली असेल, तर त्याने दवंडी पिटण्याची गरज नाही. परंतु दोष छुपा असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा तोटा होणार असेल, तर न विचारताही तो सांगणे बंधनकारक आहे.

कॉर्व्हेटमध्ये असा छुपा दोष इंजिनवर सापडतो. साठीच्या दशकात कारखाना इंजिनच्या ठोकळ्यावर गाडीचा अनुक्रमांकही उमटवीत असे. तो गाडीच्या क्रमांकाशी जुळला, तर इंजिन मूळचे मानले जाते आणि किंमत चढते. काही जण दुसरे इंजिन बसवून त्यावरचा आकडा घासून काढतात व हवा तो ठोकतात. इंजिन बदलणे हे पाप नव्हे. पण ठोकलेला आकडा ही साक्ष आहे, आणि ती खोटी आहे. येथे सातव्या आज्ञेबरोबर आठवीही मोडते.

आता खरी कसोटी पाहू. समजा, अशी गाडी एखाद्याने विश्वासाने, भारी किंमत मोजून घेतली. विकायला काढल्यावर जाणकाराने आकडा खोटा असल्याचे दाखवून दिले. फसवणूक त्याने केलेली नाही. उलट तोच फसला आहे. खरे सांगितले तर तोटा मात्र त्याच्याच पदरी. अशा वेळी गप्प राहण्याचा मोह कोणाला होणार नाही? अक्विनास यांचे उत्तर कठोर आहे. नकळत सदोष वस्तू विकणाऱ्याला पाप लागत नाही. तरीही दोष कळताच त्याने घेणाऱ्याचे नुकसान भरून दिले पाहिजे. मग कळूनसवरून विकणाऱ्याविषयी काय बोलावे?

फसवणूक एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. ती थांबायची असेल, तर कोणीतरी तोटा सोसून “ती माझ्यापाशी थांबली” असे म्हणावे लागते. दुसऱ्याच्या पापाचा भार आपल्यावर घेऊन तो पुढे न ढकलणे, हेच तर आपण क्रूसापुढे गुडघे टेकून शिकतो. स्कूटर विकतानाही तो धडा तेवढाच लागू आहे. घेणाऱ्याने विचारले नसेल. देवाने विचारले आहे.