झाले असते

तात्यापाऱ्यात आमच्या गल्लीजवळ एक मिस्त्री होते. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या अँबेसेडरमध्ये डिझेलचे इंजिन बसवावे तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. भंगारात निघालेली जीप त्यांनी पूर्ण उकलून पुन्हा उभी केलेली मी लहानपणी पाहिली आहे. ते गेले तेव्हा शोकसभेत मी म्हणालो, "काका शिकले असते तर मोठे इंजिनिअर झाले असते." माना डोलल्या. नंतर त्यांची मुलगी मला म्हणाली, "दादा, बाबा जे होते ते कुणी बोललंच नाही."

मी भाषांतर करतो. एकेका क्रियापदाच्या रूपावर तासन्‌तास घालवतो. तरी ते 'असते' माझ्या तोंडून सहज निसटले.

मला इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी आठवले. १९४९ साली त्यांनी दोन माणसांची छोटी मोटार तयार केली आणि पुढे कित्येक वर्षे तिची नवी रूपे घडवत राहिले. गाडीचे नाव मीरा. ती बाजारात कधीच आली नाही. २००९ मध्ये नॅनो आली आणि शंकररावांबद्दल एकच वाक्य ऐकू येऊ लागले: परवानगी मिळाली असती तर स्वस्त गाडी देशाला कितीतरी आधी मिळाली असती.

हे वाक्य टाकून देता येत नाही. १९५१च्या उद्योग कायद्यानंतर मोटारींचा कारखाना काढायला सरकारी परवाना लागे. 'असते' गाळले तर कारागिरांची अडवणूकही विस्मरणात जाते, आणि अडवणारे आयतेच सुटतात.

पण मग ते वाक्य अडवणाऱ्यांबद्दलचे आहे. त्यात शंकरराव कुठे आहेत? नॅनोच्या शेजारी उभे केले की ते हरलेले दिसतात. अमेरिकेत जुन्या फोर्ड उकलून हॉट रॉड बांधणारे त्यांनी बांधलेल्या गाड्यांवरून ओळखले जातात. मीराही कागदावरची कल्पना नव्हती. ती बनली, चालली.

तक्रार व्यवस्थेकडे करायची असेल तर 'असते' म्हणावे. माणसाची आठवण काढताना मात्र त्याने केलेले सांगावे, कारण न झालेल्या गोष्टींचे माप लावले की झालेले सगळे त्यात बुडते.

तेराव्याला मी पुन्हा गेलो. मुलीला म्हणालो, "काकांनी बसवलेलं इंजिन डिसेंबरच्या थंडीतही पहिल्या सेल्फला सुरू व्हायचं."

ती म्हणाली, "हो. व्हायचं."