रिळाचं सुटं टोक

1638 मध्ये बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि मराठी माणूस इथे रुजला. भावसार आणि नामदेव शिंपी समाजातली कितीतरी घरं आजही या शहरात आहेत. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि पिढ्यान्‌पिढ्या हातात सुई-दोरा.

शिवणकामात सगळं कौतुक कातरीच्या वाट्याला येतं. दोऱ्याचं कौतुक कुणी करत नाही, याची मला खंत वाटते. इथल्या चिकपेटेच्या बाजारातून रेशमी खण आणावा, त्याला जुळणारा दोरा शोधायला चार दुकानं फिरावं, आणि ते रीळ डब्यात तसंच टाकून द्यावं! लग्नसराईत ब्लाउज घाईचा असतो नेमका तेव्हाच तो दोरा इतर दहा रंगांत अडकलेला सापडतो.

रिळाच्या कडेला बारीकशी खाच असते, सुटं टोक तिच्यात अडकवायचं. बॉबीनला खाच नसते. तिच्यावर रबरी नळीचा कापलेला तुकडा कड्यासारखा चढवला की दोरा उलगडत नाही. बॉबीन काठोकाठ भरू नये, ती बॉबीन-केसमध्ये अडखळते. जुन्या रंगावर नवा रंग तर मुळीच गुंडाळू नये. आणि पॉलिएस्टरचा दोरा हळू भरावा. भरधाव भरताना तो ताणला जातो, शिवल्यावर आखडतो आणि सरळ घातलेली शिवणही चुण्या धरते. मग मशीनला दोष देत बसण्याआधी बॉबीन काढून पाहा, ती पुन्हा सावकाश भरा.