घर लावायला अख्खं वर्ष आहे

नीरा नरसिंहपूर

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आजी, या रविवारी दोघं मिळून अख्खं घर लावून टाकतो, म्हणजे वर्षभर बघायला नको,’ आणि तुमचा तो उत्साह ऐकून मला फार बरं वाटलं. बारामतीत नवं बिऱ्हाड, दोघांच्या नोकऱ्या, तरी घर नीटनेटकं असावं असं तुम्हाला मनापासून वाटतं, यातच सगळं आलं. तुझ्या कष्टांची किंवा तुझ्या मनाची मला कधीच काळजी वाटली नाही, बाळा. काळजी वाटते ती फक्त त्या ‘टाकतो’ शब्दातल्या घाईची. एका रविवारात लावलेलं घर पुढचा रविवार उजाडेपर्यंत पुन्हा विस्कटतं, आणि मग माणूस घरावरही चिडतो आणि एकमेकांवरही. म्हणून आज सवडीने बसून लिहिते आहे. तूही चहाचा कप घेऊन सवडीनेच वाच. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

पहिली गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरात, हात पोचेल अशा जागी, ‘कालनिर्णय’ लाव आणि त्याला दोरीने एक पेन्सिल बांध. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या बायकांनी अर्धा संसार त्याच्या चौकटींतच सांभाळला आहे. दुधाचा खाडा, सिलेंडर लावल्याची तारीख, लाइट बिल कधी भरलं, पाण्याचा फिल्टर कधी साफ केला, तुमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार कधी संपतो, हे सगळं तिथेच लिहीत जा. मोबाइलात लिहिलेलं ज्याचं त्यालाच दिसतं, भिंतीवरचं दोघांनाही दिसतं आणि ‘मला कुठे माहीत होतं’ म्हणायची वेळ कुणावर येत नाही. शिवाय प्रत्येक महिन्याच्या पानावर घराचं एकच मोठं काम लिही. दोन लिहिलीस की एकही धड होत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, असं होऊन बसतं.

आता कुठलं काम कुठल्या महिन्यात, हे मी तुला आपल्या गावच्या रीतीनेच सांगते. नरसिंहपुरात घरं तयार ठेवायची तारीख देवानेच ठरवून दिली आहे, ती म्हणजे वैशाख शुद्ध चतुर्दशी, नृसिंह जयंती. कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत, त्यामुळे तेव्हा कुणाच्या दारात कोण येऊन उभं राहील याचा नेम नसतो. त्याआधी धान्य भरलेलं हवं, कुरडया-पापड-सांडगे डब्यात गेलेले हवेत, मिरच्या उन्हं खाऊन डंकावरून मसाला कांडून आलेला हवा. चैत्रपाडव्याला गुढी उतरली की कामाला लागायचं आणि उन्ह चढायच्या आत, सकाळच्या गारव्यात, रोज थोडं थोडं उरकायचं. मसाल्याच्या बरणीत हिंगाचा एक खडा टाकायला विसरू नकोस, आणि लोणच्याच्या बरणीला झाकणाखाली दादरा बांधायचा तो धुतलेला आणि खडखडीत वाळलेला, एवढं लक्षात ठेव.

धान्याचं मात्र मी तुला नीट सांगते, कारण घाईचा पहिला फटका तिथेच बसतो. माघ-फाल्गुनात शाळू खळ्यावरून घरी आला की त्याला दोन-तीन चांगली उन्हं द्यायची. दाण्याला दात लावला की कट्ट आवाज यावा, मऊ लागला तर आणखी एक ऊन. आणि मग, लेकी, हे खरं महत्त्वाचं, उन्हातून उचललेलं धान्य तसंच गरम गरम डब्यात भरायचं नाही. रात्रभर घरात चादरीवर पसरून ठेवायचं, पहाटे हात घालून बघायचं, अगदी आतपर्यंत गार लागलं तरच भरायचं. गरम धान्यावर झाकण घातलं की आत घाम सुटतो, घामाने दमटपणा येतो, आणि दमटपणा आला की सोंडे आणि बुरशी बोलावल्यासारखी येतात. उन्हात घातलेले सगळे कष्ट त्या एका रात्रीच्या घाईपायी वाया जातात. कडुलिंबाचा पालाही सावलीत पूर्ण वाळवून मगच धान्यात घालावा, ओला घातला तर त्याचंच पाणी धान्याला लागतं. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल तळहाताला लावून चोळायचं आणि शिजवायच्या वेळी डाळ नीट धुऊन घ्यायची. नवीन धान्य आणलं की आधी जुनं काढून घ्यायचं, डबा पुसून त्याला ऊन दाखवायचं, नवं खाली आणि जुनं वर. डब्यावर खडूने महिना लिहिलास तर कुठला डबा आधी उघडायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

तुमच्या दोन खोल्यांत वर्षाचं धान्य मावणार नाही, आणि ते मावलंच पाहिजे असा माझा आग्रहही नाही. जागा दोन महिन्यांची असेल तर दोन महिन्यांचंच भरा. स्वस्त मिळालं म्हणून पोतं उचलून आणायचं आणि मग ते पलंगाखाली किडत ठेवायचं, याला काटकसर म्हणत नाहीत गं. किराणा आणायच्या आधी डबे उघडून बघावेत, यादी घरी बसून करावी आणि पोटभर जेवून मग दुकानात जावं, एवढ्यानेच बराच पैसा वाचतो. हिशेबाची वही मात्र दोघांची एकच असू दे. रोज रात्री खर्च लिहायला दोन ओळी पुरतात. कुणी किती खर्च केला हे शोधण्यासाठी ती वही नसते. पैसा कुठे जातो हे दोघांनाही कळावं, म्हणजे महिनाअखेरीला कुणाचं तोंड उतरत नाही.

याच्या जोडीला एक साठा वेगळा ठेवायचा. आपण उजनीच्या अंगणात राहणारी माणसं, म्हणून तुला तिचंच उदाहरण देते. उन्हाळ्यात पेपरात येतं की उजनी शून्यावर आली, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की धरण कोरडं पडलं. पण आपल्याला ठाऊक असतं की त्या शून्याखालीही सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा शिल्लक असतो. तो उपयुक्त पाण्याच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून तर ओढीच्या वर्षी त्यानेच जीव तगतो. घरातही असा एक साठा हवा. पंधरा दिवसांचा किराणा, काही रोख रक्कम, जादा काडेपेटी, बॅटरी, तापाच्या गोळ्या, आणि बँकेत दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी पुंजी. ती एकदम साठत नाही, आणि साठायला वेळ लागला म्हणून हिरमुसायचंही नाही. पगार झाला की आधी थोडं तिकडे टाकायचं, उरलेल्यात महिना बसवायचा. थेंबे थेंबे तळे साचे, हे तुला लहानपणापासून पाठच आहे.

ज्येष्ठात मृग लागायच्या आत पावसाळ्याची कामं करून घ्यायची. गच्चीचे नळ मोकळे करायचे, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, छत्र्या उघडून बघायच्या, रवा भाजून ठेवायचा. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालं की प्लंबरही भेटत नाही आणि ताडपत्रीही महाग होते. याच सुमाराला तुकोबारायांची पालखी तुमच्या बारामतीवरून, इंदापूर, सराटी करत नीरा ओलांडून अकलूजला जाते. तालुक्यातल्या घरांनी वारकऱ्यांसाठी भाकरीचं पीठ आणि पिठल्याचं बेसन आधीच बाजूला काढलेलं असतं. तूही तुझ्या डब्यातून मूठभर काढत जा. घर नीट ठेवायचं ते दारी आलेल्याला देता यावं म्हणूनही.

आणि कागदपत्रं! आपलं गाव नीरा-भीमेच्या संगमावर. वरच्या अंगाला पाऊस झाला आणि वीर धरणातून नीरेला, उजनीतून भीमेला एकाच वेळी पाणी सुटलं की दोन्ही नद्या इथे एकमेकींना भिडतात आणि घाटाच्या पायऱ्या बघता बघता पाण्याखाली जातात. त्यामुळे पावसाळ्यात महत्त्वाचे कागद आणि धान्याचे खालचे डबे उंच फळीवर ठेवायचे, ही इथली जुनी शिस्त. तुमच्याकडे पूर यायचा नाही, पण वरच्या मजल्याचा नळ फुटला तरी कागद भिजतातच. आधार, जन्मदाखले, विम्याचे कागद, गॅसचं कार्ड, भाडेकरार, तुझ्या बाबांनी दिलेली सातबाऱ्याची नक्कल, सगळं एका प्लॅस्टिकच्या फायलीत घाल, फायलीच्या पहिल्याच पानावर आत काय काय आहे ते लिही, आणि ती फाईल कुठे असते हे दोघांनाही डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. दरवर्षी फाल्गुनात, मार्चअखेर जवळ आली की, ती एकदा उघडून जुने निरुपयोगी कागद काढून टाकत जा.

भाद्रपदात गौरी-गणपती उठले की पितृपंधरवड्यात आपल्याकडे दसरा काढतात, ते तू बघितलेलंच आहेस. घटस्थापनेच्या आत घरातली झाडून सगळी भांडी घासायची, वाकळा-चादरी धुवायच्या, माळ्यावरचं खाली काढायचं. वर्षातली खरी मोठी सफाई ती हीच. तुझा एका रविवारचा बेत मला पटला नाही तो यासाठीच, की या कामाला रिवाजानेच अख्खा पंधरवडा दिला आहे. एका दिवशी फक्त मांडणी, दुसऱ्या दिवशी फक्त कपड्यांचं कपाट, तिसऱ्या दिवशी फक्त अंथरुणं. कपाट रिकामं करशील तेव्हा एक एक कपडा हातात घे. वर्षभर अंगाला न लागलेला पण चांगला असेल तर कुणाला तरी देऊन टाक. जुन्या मऊ सुती साड्या मात्र माझ्यासाठी ठेव, मी तुमच्यासाठी वाकळ शिवीन. विकतच्या रजईला ती ऊब यायची नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, पाडव्याला नवी वही घालतो. ज्या घराने दसरा नीट काढला आहे त्या घरात दिवाळीला फक्त फराळ उरतो, आणि घरची बाई त्या चार दिवसांत दमून आडवी होत नाही. पौष-माघात उन्हं कोवळी झाली की गाद्या-उशा उन्हात टाका, बारामतीच्या बाजारात नवा गूळ आलेला असेल तो घ्या, नवी तूर घ्या, की वर्ष पुन्हा फिरून फाल्गुनावर येतं.

हे झालं वर्षाचं. पण वर्ष उभं राहतं ते रोजच्या पहाटेवर. घड्याळाच्या तासभर आधी ऊठ, असं मी म्हणत नाही, तुझी झोप मला मोलाची आहे. नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठलीस तरी पुष्कळ. त्या अर्ध्या तासात फोन येत नाहीत, डोकं थंड असतं, अंथरूण घडी होऊन जागेवर जातं, डबा शांतपणे भरला जातो आणि घरातून निघताना किल्ली शोधावी लागत नाही. अर्थात पहाट सुधारायची तर रात्रीपासून सुरुवात करावी लागते. निजण्याआधी ओटा पुसलेला, मोरी मोकळी, उद्याची भाजी निवडलेली, आणि बाहेर आलेली प्रत्येक वस्तू जागच्या जागी. हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे, असं आपल्याकडे म्हणतात. तो हात तुझाच असला पाहिजे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, हे नातजावयांनाही वाचून दाखव. ते मनाचे चांगले आहेत, सांगितल्यावर करतात. हळूहळू न सांगताही करतील. त्यांनी घडी वेडीवाकडी घातली तर लगेच उलगडून पुन्हा घालू नकोस, बाळा. चादर वाकडी राहिली तरी संसाराचं काही बिघडत नाही, पण हातातून काम काढून घेतलं की माणूस पुढच्या वेळी हात लावायला बिचकतो.

कधी ताप येईल, कधी ऑफिसात उशीर होईल, कधी चार दिवस ओटा तसाच पडेल, आणि ठरवलेलं काम राहून जाईल. जाऊ दे. राहिलेलं काम पुढच्या महिन्याच्या पानावर लिही, मागचा सगळा बॅकलॉग एका रात्रीत भरून काढायला धावू नकोस. घर सांभाळणं हे आयुष्यभराचं काम आहे, आणि ते करणारी माणसं हसतखेळत राहिली तरच ते घर म्हणायचं.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. मसाल्याचा कप्पा तेवढा रिकामा करा, पुसा, डबे उन्हात ठेवा, आणि परत लावताना दोघं मिळून ठरवा की काय कुठे राहील. अर्ध्या दिवसात होईल. उरलेला अर्धा दिवस झोपा, नाहीतर कुठेतरी फिरून या. दुसरा कप्पा पुढच्या आठवड्याला आहेच. नृसिंह जयंतीला दोघंही या, तुझ्यासाठी कुरडयांचा डबा वेगळा काढून ठेवते आहे. येताना तेवढा रिकामा डबा आणायला विसरू नकोस.

तुझी,
आजी