पाठ केलेलें सत्य

तोंडांतून निघालेला शब्द खरा असला, म्हणजे बोलणारा खरें बोलला असें होतें काय? प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील एखाद्या शाळेंत विज्ञानाच्या तासाला घटकाभर बसलें असतां तो किती जवळचा आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

गुरुजी शिकवितात कीं, सर्व पदार्थ अतिसूक्ष्म कणांचे झालेले आहेत, ते कण सदैव हालत असतात, आणि पदार्थ तापला म्हणजे त्यांची हालचाल वाढते. विद्यार्थी हें वाक्य पाठ करितो व परीक्षेंत पूर्ण गुण मिळवितो. आतां त्यालाच विचारावें, "बाळ, बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव चढवितांना लोहार ती आधीं कां तापवितो?" तो म्हणतो, "तापल्यानें ती वाढते." "कां वाढते?" "तिच्यांतले कण फुगतात म्हणून." असें उत्तर पुष्कळ मुलें देतात, आणि तें चूक आहे. कण फुगत नाहींत. ते अधिक जोरानें थरथरूं लागतात व एकमेकांपासून किंचित् दूर सरतात. म्हणजे वाक्य खरें, पण मनांतील चित्र खोटें.

ह्या मुलास लबाड म्हणावें काय? आम्ही म्हणतों, मुळींच नाहीं. त्याजपाशीं जें मागितलें तें त्यानें दिलें. दोष असेल तर शब्द ऐकून तेथेंच थांबणाऱ्याचा आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, "कण तर डोळ्यांस दिसत नाहींत, मग घोकण्यावांचून दुसरा मार्ग कोणता?" हा आक्षेप हलका नव्हे. प्रसिद्ध जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड ह्यांचाहि अनेक वर्षें हाच आक्षेप होता. पाण्यांत तरंगणारे बारीक कण आपोआप थरथरतात हें रॉबर्ट ब्राऊन ह्यांनीं 1827 सालीं पाहिलें होतें. पाण्याचे अदृश्य रेणू त्यांस सर्व बाजूंनीं धक्के देतात म्हणून तसें होतें, हें आईन्स्टाईन ह्यांनीं 1905 सालीं गणितानें मांडिलें, आणि 1908 पासून फ्रान्समध्यें झां पेरँ ह्यांनीं मोजमाप करून तें पडताळिलें. तेव्हां ओस्टवाल्ड ह्यांनीं 1909 सालीं आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत आपलें मत बदलल्याचें उघडपणें छापिलें. त्यांचें आधींचें "नाहीं" प्रामाणिक होतें, म्हणूनच नंतरच्या "होय" ला वजन आलें. आमच्या विद्यार्थ्यास "नाहीं" म्हणण्याची मोकळीकच नसते. मग त्याच्या "होय" ला वजन कोठून यावें?

पडताळा पाहण्यास फ्रान्सला जावयास नको. वैशाखांत घराघरांतून मातीचा माठ असतो. माठ पाझरतो, बाहेरील ओलाव्यांतील अधिक वेगवान कण हवेंत निघून जातात, मंद कण मागें राहतात, आणि म्हणून पाणी गार होतें. पावसाळ्यांत हवा आधींच बाष्पानें भरलेली असते, तेव्हां तोच माठ तितका गार करीत नाहीं. हें कोडें ज्यानें स्वतःच्या बुद्धीनें सोडविलें, त्यानें कण पाहिले नसले तरी तो त्यांस ओळखतो.

सर्वच गोष्टी अशा पडताळतां येत नाहींत, हेंहि खरें. आपल्या भोंवतालच्या हवेंतील रेणू सेकंदास सुमारें 500 मीटर धांवतात, हें आम्हीहि इतरांच्या शब्दावरूनच मानितों. त्यांत कमीपणा नाहीं. प्रामाणिकपणा इतकाच कीं, "हें मीं पाहिलें," "हें मीं दुसऱ्यावर विश्वासून मानिलें," आणि "हें मला अद्याप कळलें नाहीं," ह्या तिहींची सरमिसळ होऊं देऊं नये.

तिसरें वाक्य सर्वांत कठीण. ज्या मुलाच्या घरांत तोच पहिला शिकणारा, ज्याची घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून निराळी, त्यास तें उच्चारण्याची भीति वाटते. वर्ग हंसेल, गुरुजी रागावतील, म्हणून तो मान डोलवितो. हीच संवय पुढें त्याचा घात करिते. वीटभट्टीच्या उचलीचा हिशेब कोणी भरभर वाचून दाखविला, तर न कळतांहि तो "होय" म्हणतो व आंगठा किंवा सही देऊन मोकळा होतो. शाळेंत निरुपद्रवी वाटलेल्या त्या "होय" ची किंमत मग सारें कुटुंब एक हंगाम राबून फेडितें.

म्हणून आरंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें: शब्द खरा असणें पुरेसें नाहीं, बोलणाऱ्याचें मन त्याच्या पाठीशीं उभें पाहिजे. आणि तें उभें राहील असें करणें हें ऐकणाऱ्याचें काम आहे. जे गांवोगांवीं लहानथोरांस कांहीं शिकवितात, त्यांस आमची विनंति आहे कीं, धडा पाठ म्हणून झाल्यावर आणखी एक साधा प्रश्न विचारावा. आणि कोणी "मला कळलें नाहीं" असें म्हटलें, तर त्याच्याजवळ बसून पुनः आरंभ करावा.