पानाचा आकार आणि ख्यातिवाद

शिंपल्याच्या ठिकाणी रुपे दिसले तर चूक नेमकी कोठे झाली, हा ख्यातिवादाचा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके ज्या चिकाटीने लढविला, तिचा अल्पसा अंश जरी वर्ड किंवा ओपनऑफिसच्या रायटरमध्ये मॅक्रो लिहून पानाचा आकार ठरवू पाहणाऱ्यांस लाभता, तरी त्यांचा पुष्कळ मनस्ताप वाचला असता. मॅक्रो म्हणजे यंत्राच्या हवाली केलेला लेखी हुकूम. त्याची तामिली झाली नाही की पडद्यावर तक्रार उमटते, आणि ती वाचणारा बहुधा यंत्राला बोल लावून मोकळा होतो. परंतु भ्रम व्हावयास आधी ज्ञान असावे लागते, आणि ते यंत्रापाशी आहे असे निदान मला तरी वाटत नाही. मग हा भ्रम कोणाचा, आणि कशाविषयीचा?

प्राभाकर मीमांसकांचे उत्तर मोठे धाडसाचे आहे. त्यांच्या मते भ्रम असा नसतोच. समोरच्या चकाकत्या वस्तूचे प्रत्यक्ष आणि पूर्वी पाहिलेल्या रुप्याचे स्मरण, ही दोन्ही ज्ञाने आपापल्या जागी खरीच असतात, त्यांतला भेद तेवढा ध्यानी येत नाही. यालाच ते अख्याती म्हणतात. ए-फोर कागदाची रुंदी 210 मिलिमीटर आणि उंची 297, हे खरेच. रायटरच्या पृष्ठशैलीला रुंदीचा नुसता आकडा द्यावयाचा असतो, हेही खरे. मात्र तेथील एकक मिलिमीटरचा शंभरावा भाग असल्यामुळे 210 लिहिणारा गृहस्थ दोन मिलिमीटरांहून किंचित रुंद अशा पानाची फर्माईश करीत असतो. तेथे शोभणारा 21000 हा आकडा जो वर्डमध्ये नेतो त्याला मूल्य मर्यादेबाहेर असल्याचा नकार मिळतो, कारण वर्डच्या मॅक्रोत माप पॉइंटांनी चालते, इंचाला 72 पॉइंट, आणि 22 इंचांपलीकडे, म्हणजे 1584 पॉइंटांपलीकडे, पान वाढू शकत नाही. येथे असत्य असे कोणीच काही बोललेले नाही.

परंतु काही प्रसंगी दोष उत्तरात नसून प्रश्नातच असतो. ज्या दस्तऐवजाचा एक विभाग उभ्या पानांचा व दुसरा आडव्या पानांचा आहे, त्या सबंध दस्तऐवजाला वर्डमध्ये त्याची रुंदी विचारली असता 9999999 असे उत्तर येते, आणि हा सात नवांचा आकडा खरी रुंदी समजून पुढील हिशेबात घेणारा मॅक्रो अर्थातच कोसळतो. तर्कसंग्रह शिकलेल्यांस येथे चित्ररूपाची आठवण व्हावी. नानारंगी धाग्यांच्या वस्त्राचा रंग कोणता, या प्रश्नास तर्कसंग्रहकर्त्या अन्नंभट्टाने शुक्ल, नील इत्यादी सहा रंगांच्या जोडीस ‘चित्र’ नावाचा स्वतंत्र सातवा रंग मानून उत्तर दिले; कित्येक नव्य नैयायिकांना मात्र हा सातवा रंग अनावश्यक वाटला. मला या वादात नव्यांचा पक्ष घ्यावासा वाटतो. वर्डच्या कर्त्यांनी सातव्या रंगाच्या जागी सात नव योजले खरे, पण ती रुंदी नव्हे, रुंदी सांगता येत नसल्याची खूण होय. ज्याला माप हवे त्याने अवयवी सोडून अवयवांकडे, म्हणजे एकेका विभागाकडे, जावे हे बरे.

अख्यातीवर नैयायिकांचा जो आक्षेप आहे, तो मला ओपनऑफिसच्या बेसिक या मॅक्रोभाषेत फार स्पष्ट दिसतो. केवळ भेद न कळल्याने कोणी वाकून शिंपला उचलीत नाही. उचलणाऱ्याच्या ठायी ‘हे रुपेच आहे’ असे ठाम ज्ञान असावे लागते. त्या बेसिकमध्ये पृष्ठशैलीपाशी तिचा आकार मागितला की हाती पडते ती आकाराची नक्कल. ‘हा मूळ आकारच आहे’ अशा समजुतीने तिच्यातील रुंदी बदलून स्वस्थ बसणारा मनुष्य, सरकारी दप्तरातला मूळ दस्त न काढता नकलेवरच दुरुस्ती करून निघून जाणाऱ्या कारकुनासारखा होय. बदललेला आकार पुन्हा शैलीच्या हवाली करावयास हवा, हे त्याच्या गावीही नसते. पान होते तसेच राहते, आणि विशेष हे की तक्रार म्हणून उमटत नाही.

या मौनापाशी प्रामाण्याचा जुना वाद उभा राहतो. बाधक ज्ञान उपजले नाही तोवर ज्ञान स्वतःच प्रमाण, असे मीमांसक म्हणतात. तक्रार आली नाही तेव्हा हुकूम बजावला गेला, असे मानणारा मॅक्रोकर्ता नकळत त्यांचाच अनुयायी असतो. नैयायिक सांगेल की प्रामाण्य सफल प्रवृत्तीवरून ठरते, तेव्हा आकार शैलीतून पुन्हा वाचून पाहा. त्यावर मीमांसक विचारणारच, की वाचून पाहिल्याचे हे दुसरे ज्ञान तरी खरे कशावरून? त्यासाठी तिसरे आणा, मग चौथे. ही अनवस्था झाली. आक्षेप बिनतोड आहे, आणि तरीही छापलेल्या पानावर मोजपट्टी ठेवून 297 हा आकडा पाहणारा मनुष्य ती मोजपट्टी तपासावयास दुसरी मोजपट्टी सहसा मागत नाही.