पुढे ओढलेली बाकी

हिशेब लिहिणाऱ्याला पुनर्जन्म समजावून सांगावा लागत नाही. 31 मार्चला खातं मिटतं, 1 एप्रिलला तेच खातं आरंभीची शिल्लक घेऊन पुन्हा उघडतं. वर्षभराच्या नोंदी मागे राहतात, पुढे येतो फक्त एक आकडा. जीव संचित घेऊन येतो आणि ते कुठून आलं हे त्याला आठवत नाही, असं आपलं शास्त्र सांगतं. ते मला कधी अवघड वाटलं नाही.

मी अंकुशनगरला राहतो. अंबड तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वाढलेली ही वसाहत. आसपासच्या सेवा सोसायट्यांची आणि दुकानदारांची दप्तरं लिहिण्यात माझी हयात गेली. आधी हातानं लिहिलेली कीर्द आणि खतावणी, मग टॅली. आता सोसायट्यांचं दप्तर नव्या सामायिक सॉफ्टवेअरवर चढवायचं काम निघालं आहे. केंद्र सरकारनं जून 2022 मध्ये या योजनेला मंजुरी दिली, तेव्हा तिच्यात देशभरातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्था आणि 2,516 कोटींचा खर्च धरला होता. योजना चांगलीच आहे. सभासदाला आपलं खातं स्वच्छ दिसावं, सचिव बदलला म्हणून दप्तर अडू नये, हे मला मनापासून हवं आहे. पण एका सोसायटीची खाती चढवताना दोन ओळींवर मी थांबलो.

दोन्ही ओळींत मुद्दल 48,000. पहिला सभासद बागायतदार; त्यानं गेल्या खरिपात पीककर्ज उचललेलं, फेडीची मुदत अजून व्हायची होती. दुसरं खातं एका बाईचं. नवरा गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागलेलं. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा अंबड होता आणि सवलतींत कर्जाचं पुनर्गठन होतं. तिचं पीककर्ज तसं हप्त्यांत बसवलेलं. जुन्या खतावणीत त्या पानाच्या कडेला सचिवानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘बैलजोडी विकून भरणा’. चढवायच्या तक्त्यात या ओळीला रकाना नव्हता. तेरीज जुळत होती, ताळेबंद जुळत होता. दोन माणसं मात्र एकसारखी झाली होती.

शास्त्रापुरतं बोलायचं तर यात चूक काहीच नाही. बाकी बरोबर आली म्हणजे काम झालं. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. माणूस म्हणजे त्याची बाकी, की त्या बाकीपर्यंतची वाट?

पैठण आमच्यापासून लांब नाही. तिथल्या नाथांची गोष्ट इथं प्रत्येक घरात सांगितली जाते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचं काम करताना त्यांना एका पैचा फरक लागला. रात्रभर दिव्यापाशी बसून त्यांनी तो शोधला आणि सापडला तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. गुरूंनी म्हटलं, एका पैसाठी एवढी एकाग्रता, तर देवासाठी केवढी होईल! कीर्तनकार इथं एकाग्रतेवर बोलतात. मला त्या गोष्टीत कारकुनाचं सत्यही दिसतं. ती पै नाथांना बाकीत सापडली नसणार. बाकी फक्त सांगते की काहीतरी चुकलं आहे. चूक कुठे झाली हे नोंदी एकेक करून उलगडल्यावरच कळतं. ज्यानं नोंदी टाकून दिल्या, त्याला आपली चूक कधीच सापडणार नाही आणि दुसऱ्यावर झालेला अन्यायही दिसणार नाही.

हा अन्याय कल्पनेतला नाही. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात घेतलेलं आणि 30 सप्टेंबर 2019 ला थकीत असलेलं पीककर्ज 2 लाखांपर्यंत माफ झालं. तिथं तारीख बाकीइतकीच निर्णायक होती. कर्ज कधी उचललं हे दप्तरात नसेल, तर शेतकऱ्यानं आपला हक्क कशावर सांगायचा?

यावर एक रास्त हरकत आहे. जुनं कशाला उकरायचं? थकबाकीचा डाग पुसून माणसाला नवी सुरुवात मिळत असेल तर वाईट काय? शेवटी तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवलीच ना?

बुडवली, पण परंपरा त्या प्रसंगाचा एक तपशील सांगते, तो लक्षात घ्यावा. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खतं त्यांनी आधी त्याच्या हवाली केली आणि फक्त आपल्या वाट्याची नदीला दिली. माफ करणं हा धनकोचा अधिकार आहे आणि तो कोणाला काय माफ करतो हे जाणून माफ करतो. दप्तर चढवणाऱ्याच्या हातून तपशील गळणं ही क्षमा नाही. त्यानं ऋणको सुटत नाही, उलट बाकी तशीच राहते आणि ती का उरली हे सांगणारा साक्षीदार तेवढा जातो.

म्हणून संचिताच्या सिद्धांताकडेही मी आता जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. देव केवळ बाकी पुढे ओढतो, कारण त्याच्या ठायी एकही नोंद पुसली जात नाही. जीव विसरला तरी तो विसरत नाही, म्हणूनच त्याच्या हिशेबाला न्याय म्हणता येतं. आपण विसरतो. विसरणाऱ्यानं नुसता आकडा पुढे करून ‘तुझ्याकडे इतकं निघतं’ म्हणणं म्हणजे देवाचा अधिकार घेणं आणि त्याचं ज्ञान न घेणं. जिथं आमच्या भागात ‘त्याचं काय, तो थकबाकीदार’ असं एका शब्दात माणसाला मोडीत काढलं जातं, तिथं हेच होत असतं.

त्या सोसायटीत मी कर्ज उचलल्याची आणि पुनर्गठनाची तारीख प्रत्येक खात्यावर स्वतंत्र चढवली. कडेच्या नोंदी शेऱ्याच्या रकान्यात घातल्या, जुन्या प्रणालीची प्रत चालू स्थितीत ठेवायला लावली आणि सभासदाला बाकी वाचून दाखवल्याशिवाय तिच्यावर सही घेतली नाही. काम लांबलं. सचिव म्हणाले, ‘अहो, ऑडिटर हे विचारणार नाही.’ मी म्हणालो, ‘त्या बाईंनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.’ ज्याचं देणं आपण लिहून ठेवतो, त्याला त्या देण्याची हकीकत मागायचा हक्क आहे, आणि तो हक्क सांभाळणं हा हिशेब लिहिणाऱ्याचा धर्म आहे.